पाच पानांचा स्पेन

एप्रिल आला की आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर स्पेन विकायला येतो. पाच पानं, डाव्या कोपऱ्यात एक पिन, वर ठळक अक्षरांत ‘हमखास येणारे प्रश्न’. झेरॉक्सचं मशीन दिवसभर तापलेलं असतं, त्याचा तो भाजका वास, काउंटरवर वाऱ्यानं येऊन पडलेली कडुनिंबाची बारीक फुलं, आणि परीक्षा चार दिवसांवर आली म्हणून एकमेकांच्या खांद्यांवरून हात लांबवणारी पोरं. गेल्या आठवड्यात मी तिथून चालले होते. दुकानवाल्या चाचांनी लांबूनच हाक मारली, “आओ मॅडम! तुम्हारा इस्पेन इस साल बी एक नंबर चल रा. बाकी गाईडाँ वैसेच पडे हैं.”

होय, माझाच. ती पाच पानं मी लिहिलीत. या लेखात मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. त्या यादीत पहिलं नाव माझं धरा आणि मग पुढं वाचा.

चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. आम्ही एमएच्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. कॉलेज स्वायत्त, म्हणजे पेपर तेच काढणार आणि तेच तपासणार. ‘स्पॅनिश लोकांचा राजकीय आणि सांस्कृतिक इतिहास’ हा पेपर आम्ही हौसेनं घेतला नव्हता. दुसऱ्या पर्यायाला शिकवायला माणूसच नव्हता, म्हणून हा आमच्या गळ्यात पडला. याला एक सर होते. पंचेचाळिशी उलटली तरी तासिका तत्त्वावर राबणारे. म्हणजे तास घेतला तर मास्तर, सुट्टी लागली की कुणीच नाही. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रे. मार्चमध्येच फळ्याला हात लावला तर चटका बसायचा. नकाशा नव्हता, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी खडूनं एक आकार काढला आणि म्हणाले, “बैलाचं कातडं ताणून वाळत घातलंय असं समजा. जुने लोक स्पेनला असंच म्हणायचे.” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, आपण पण तसेच वाळतोय.” सर हसले, घाम पुसला आणि शिकवत राहिले.

आठवतो तो त्यांचा आवाज. दक्षिण स्पेनात काही शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, त्यांनी पाणी खेळवलं, बागा केल्या, हे सांगताना ते मधेच थांबायचे. शेतातल्या पाटाला स्पॅनिश माणूस आजही अरबी शब्द वापरतो. साखरेला, तेलाला, डोक्याखालच्या उशीला सुद्धा. “आता स्वतःचं तोंड तपासा,” सर म्हणायचे. “अर्ज, वकील, कागद, जमीन, हजर. परीक्षेला तुम्ही कुणाच्या भाषेत हजर राहता?” आमच्या शहराच्या पोटातून जुनी पाण्याची नहर जाते, पाणचक्की अजून उभी आहे, आणि आम्हाला तो स्पेन शिकताना पहिल्यांदा तिच्याबद्दल विचार करावासा वाटला. लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. व्हॅलेन्सियात म्हणे दर गुरुवारी चर्चच्या दाराशी शेतकऱ्यांनी निवडलेले पंच काळे सदरे घालून बसतात, पाटाच्या पाण्याची भांडणं तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथं निकाल देतात. वकील नाही, तारीख नाही.

मग राजा-राणीनं आधी ज्यूंना हाकललं. पुढं काही पिढ्यांनंतर त्यांच्या गादीवरच्यांनी मुसलमानांच्या वंशजांनाही हाकललं, तेही ज्यांनी धर्म बदलला होता त्यांना. माणसं गेली, पाट राहिले, शब्द राहिले. हे सांगून सरांनी खडू खाली ठेवला. खिडकीतून लू येत होती.

आणि मी माझ्या पाच पानांत काय लिहिलं? ‘देशात धार्मिक ऐक्य साधले गेले.’ सहा नाही, सात नाही, पाच शब्द. बोटीत कोंबलेली माणसं, मागं राहिलेली कुलपं, सगळं त्या ‘ऐक्य’ शब्दात दाबून बसवलं. वर्षभर क्रांती चौकात माईक घेऊन ओरडणारी मी!

पण त्याचं कारण तिथंच आहे, त्या चौकात. मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. पत्रकाचा नियम सरळ असतो: एका बाजूला शत्रू, एका बाजूला आपण, आणि वाक्य एवढं आखूड की चालत्या रिक्षातून वाचता आलं पाहिजे. ती कला माझ्या हाताला इतकी बसली होती की मी कशाचंही पत्रक करायचे. वर्गातल्या पोरांना हे ठाऊक होतं. परीक्षा जवळ आली तशी त्यांनी मला घेरलं. “तू स्पेन छोटा करून दे ना.” आमच्याकडं ही रीतच आहे. दर वर्षी वर्गातलं एक हुशार माणूस नोट्स काढतं, बाकीचे पाठ करतात, आणि वर्ग पास होतो. मी अभ्यासिकेत दोन दुपारी बसले, डोक्यावर कूलर घरघरत होता, आणि स्पेन छोटा करून दिला.

मंदानं मात्र तो घेतला नाही.

मंदा फुलंब्रीकडची. घर मेंढपाळाचं. वडील, ज्यांना ती आबा म्हणते आणि म्हणून मीही, निम्मं वर्ष मेंढरं घेऊन फिरणारे. घराण्यात बीएड झालेली ती पहिली. तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत ती वसतिगृहाचं काम बघायची: पोरींना उठवायचं, जेवायला बसवायचं, आजारी पडल्या तर दवाखान्यात न्यायचं. तिथल्या मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता की वरच्या वर्गांना इतिहास शिकवायची जागा तिची, फक्त एमए हातात पाहिजे. तिला दुसरं काहीच नको होतं. सकाळच्या बसनं यायची, खाली मान घालून सरांचा शब्द न् शब्द उतरवायची, आणि संध्याकाळी पोरींच्या जेवणाआधी परत.

स्पेनच्या हुकूमशहाचा काळ शिकवताना सर म्हणाले होते की तिथं लग्न झालेल्या बाईला नोकरी करायला नवऱ्याची परवानगी लागायची, आणि ही पार अलीकडची, आपल्या आजीच्या वयाच्या बायकांची गोष्ट आहे. मंदा माझ्या कानात म्हणाली, “म्हंजे तिथंबी? मला वाटायचं गोऱ्या बाया जन्मतानाच मोकळ्या असत्यात.” त्याच स्पेनात त्याआधी थोडी वर्षं प्रजासत्ताक आलं होतं, बायकांना मत मिळालं होतं, खेड्यापाड्यांत शिक्षक पुस्तकं घेऊन गेले होते. मग यादवी. मग जवळजवळ चाळीस वर्षं एकाच माणसाचा बूट. कातालान बोललात तर शाळेत मार, बास्क बोललात तर मार. तो माणूस अंथरुणात म्हातारपणानं मेला. त्यानंतर सगळ्या शहाण्यांनी ठरवलं की मागचं उकरायचं नाही. यादवीत गोळ्या घालून रस्त्याकडेच्या चरांत पुरलेली माणसं तशीच राहिली, पुढं नातवंडांनी कुदळी आणि ब्रश घेऊन ती उकरायला घेतली तोवर.

“सर, हाडं कुणाची ते कळतं कसं?” मंदानं विचारलं.

“बटणं सापडतात,” सर म्हणाले. “कंगवा सापडतो. गावातली एखादी म्हातारी सांगते, तो कोणता सदरा घालून गेला होता ते.”

माझ्या पाचव्या पानावर याचं झालं: ‘लोकशाहीकडे शांततापूर्ण वाटचाल.’ शांतता होतीच म्हणा. चरात पुरलेल्या माणसाइतकं शांत कोण असतं!

आता त्या ओळीकडं येते. माझ्या नोट्सच्या तिसऱ्या पानावर मधोमध, चौकटीत: ‘मेंढपाळांच्या मक्तेदारीमुळे स्पेनची शेती उद्ध्वस्त झाली.’ चौकट मीच आखली होती, पट्टी लावून.

स्पेनात काही शतकं मेंढ्यावाल्यांचा एक बलाढ्य संघ होता. लोकरीवर राजाचं राज्य चालायचं, म्हणून मेंढ्यांसाठी कायद्यानं रस्ते राखलेले, पंच्याहत्तर मीटर रुंद. हिवाळ्यात कळप दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला, मधे कुणी नांगर घालायचा नाही. हा तास ज्या दिवशी झाला त्या दिवशी मी वर्गात नव्हते. क्रांती चौकात होते, धरण्यावर. कशासाठी? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना न्याय मिळावा म्हणून! सरांसाठी घसा बसवत होते आणि सरांचाच तास बुडवत होते. मग ते पान भरायला मी एक जुनं गाईड उघडलं, त्यातली ओळ उचलली, पत्रकात बसेल अशी आखूड केली. शत्रू सापडला: मेंढपाळ. आपण सापडलो: शेतकरी. आमचं घर शेतकऱ्याचं, लहानपणापासून मेंढरं शेतात घुसली की शिव्या ऐकत आलेलं. ती ओळ लिहिताना मला एकदाही अडखळायला झालं नाही.

वाटण्याआधी मी नोट्स मंदाला वाचायला दिल्या होत्या. वाचून ती आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती. “पुढारीण, हे कुणी सांगितलं तुला?”

“पुस्तकात आहे.”

“सरांनी नाय असं सांगितलं. चल आबाकडं.”

त्या आठवड्यात आबांची मेंढरं पडेगावच्या बाजूला होती. मीही पडेगावातच खोली करून राहायचे. दौलताबाद रस्त्याच्या कडेला, जिथं पूर्वी मोकळं रान होतं, तिथं आता प्लॉट पडले होते, तारेचं कुंपण, पाटी, पाटीखाली खुर्ची टाकून बसलेला वॉचमन. आबा बाभळीच्या सावलीत एका कोकराच्या पायातला काटा काढत बसले होते. ऊन असं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. मंदानं त्यांना स्पेन सांगितला. कायद्यानं राखलेला रस्ता सांगितला. अजूनही दर वर्षी राजधानीच्या मधल्या चौकातून मेंढपाळ मेंढरं नेतात, आपला हक्क दाखवायला, आणि मोटारी थांबतात, हेही सांगितलं.

“पोलिस मारीत नाय?” आबांनी विचारलं.

“पोलिसच मोटारी थांबवत्यात, आबा.”

“मंग ती मेंढरं आपल्यापरीस मोठ्या घरची.” ते काटा बघत हसले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, “मेंढरं कोणाची व्हती तिथं? मागं चालणाराची?”

मंदा म्हणाली, “नाय. सरदारांची. मठांची. चालणारे पगारी.”

“मंग रस्ता त्येंचा झाला. मागं चालणाराला काय, धुरळा.” त्यांनी कोकरू सोडून दिलं. “आन शेत बुडालं म्हन्तीस? ज्याच्या वावरात मेंढरं बसली, खत पडलं, त्यो पुढल्या साली आपनहून हाक मारतो. ज्याच्या उभ्या पिकात शिरली त्यो शिव्या देतो. दोन्ही खरं हाय. एकच लिवलं तर खोटं हुतं.”

वॉचमननं शिट्टी मारली आणि आबा उठले.

मी काय केलं? मान डोलावली. “छान मुद्दा आहे,” म्हणाले. खोलीवर आले. नोट्स तेव्हा अजून वाटायच्या होत्या, पेन हातात होतं, ओळ बदलायला मिनिट लागलं असतं. पण पान सुरेख बसलं होतं. चौकट सुरेख होती. ज्याच्या मेंढ्या आणि जो मेंढ्यांमागं चालतो, यांतला फरक! मालक आणि मजूर! ज्या एका फरकावर माझी सगळी भाषणं उभी होती, तोच मी खाल्ला, कारण वाक्य लांब झालं असतं.

पेपरात तो प्रश्न आला. पहिलाच, सक्तीचा, वीस गुणांचा. सगळ्या वर्गानं माझी ओळ लिहिली. मंदानं आबांचं आणि सरांचं म्हणणं मिळून तीन पानं लिहिली. तिची उत्तरपत्रिका मी नंतर पाहिली, तिनं तिची छायाप्रत काढली होती. इतकं स्वच्छ उत्तर मी आयुष्यात लिहिलेलं नाही. तासिकेवरच्या सरांकडं पेपर तपासायला देत नाहीत; तपासणाऱ्या दुसऱ्याच मास्तरानं तिन्ही पानांवर एकच तिरकी लाल रेघ मारली होती आणि समासात शेरा: ‘मूळ मुद्दा नाही’. वीसपैकी दोन. चार गुणांनी तिचा पेपर गेला. मी वर्गात पहिली आले.

त्यानंतर तिनं माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. फेरतपासणीच्या अर्जासोबत मी एक चिठ्ठी जोडावी, एवढंच: की सगळ्या वर्गाचं उत्तर एकाच कागदावरून आलंय, तो कागद माझा आहे, आणि त्यातली ही ओळ अर्धी आहे. “म्हंजे तपासणारा निदान माझं वाचंल तरी,” ती म्हणाली.

मी चिठ्ठी दिली नाही. मी पत्रक काढलं! ‘मेंढपाळाच्या लेकीवर अन्याय का?’ लाल शाई, खाली उद्गारचिन्हं तीन. फाटकावर चिकटवलं, तिला न विचारता. त्यात कॉलेज होतं, व्यवस्था होती, जागतिक भांडवल सुद्धा होतं. मी कुठंच नव्हते. विभाग चिडला, फेरतपासणीत ‘बदल नाही’ आलं. आश्रमशाळेतली ती जागा दुसऱ्याला गेली. मंदानं पत्रक वाचून घडी घातली आणि एवढंच म्हणाली, “लई भारी लिहितीस. चिठ्ठी नाय जमली तेवढी.”

ती पुढं आणखी दोनदा त्या पेपराला बसली. दोन्ही वेळा तोच प्रश्न, दोन्ही वेळा तेच खरं उत्तर, दोन्ही वेळा तीन-चार गुणांनी नापास. दर वेळी मी फोनवर तिची पाठ थोपटायचे. “मागं हटू नकोस, मंदे, लढायचं असतं.” माझी पदवी कपाटात होती. लढत ती होती, सकाळी पोरींना पोहे वाढून, बसमध्ये उभी राहून.

यंदा तिची शेवटची संधी. नियम आहे, एवढ्या वर्षांत पेपर सुटला नाही तर सगळं एमए बाद. आणि ती इतिहासाची जागा यंदाच परत रिकामी झालीय. मला उशिरानं शहाणपण आलं. परीक्षेआधी मी विभागप्रमुखांकडं गेले, चार वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी लिहून. त्यांनी चष्मा वर करून वाचली. फार गोड माणूस आहे. म्हणाले, “अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमची उत्तरपत्रिकाच आम्ही नमुना म्हणून ठेवलीय. तपासणारे ती समोर ठेवूनच गुण देतात. अभिनंदन करायचं राहिलंच होतं तुमचं.” आणि शिपायाला चहा सांगितला.

मी चहा प्यायले नाही. एवढंच काय ते केलं. सरांना शोधायला गेले तर कळलं, त्यांचे तास दोन वर्षांपूर्वीच बंद झालेत. स्पेन आता कुणीच शिकवत नाही. पाच पानं पुरतात.

काल पेपर होता. मंदा सकाळच्या बसनं आली. फाटकाबाहेर पोरं चाचांच्या दुकानातले कागद डोळ्यांसमोर धरून ओठ हलवत उभी होती, शेकडो ओठांवर माझी वाक्यं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी मंदाला म्हणाले, “तू तुझंच लिही.” तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, त्याचंच जास्त लागलं. “तुला काय जातंय, पुढारीण,” म्हणाली आणि आत गेली.

तीन तास मी समोरच्या रसवंतीत बसून होते. घुंगरं वाजत होती, डांबर मऊ झालं होतं. मला सगळ्यांचा राग आला: त्या गोड माणसाचा, लाल रेघेचा, बापाला चोर ठरवणारी ओळ पाठ करणाऱ्या त्या पोरांचा, ज्यांतल्या निम्म्यांचे बाप कुणाच्या ना कुणाच्या मागं चालणारेच आहेत. आणि इतक्या दूरच्या, इतक्या जखमा झालेल्या एका देशाला मी जे केलं त्याचा. तिथं नातवंडं गुडघ्यावर बसून मातीतून एकेक बटण वेचतात, आणि इथं मी माणसांवर माती लोटून वर चौकट आखली.

एक वाजता ती बाहेर आली. पदर डोक्यावर, बोटांना शाई.

“आला?”

“आला. पहिलाच.”

“मग? काय लिहिलंस?”

ती माझ्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. तोंड पुसलं. “तुझंच लिहिलं. मेंढपाळांच्या मक्तेदारीमुळं स्पेनची शेती उद्ध्वस्त झाली. चौकटीसकट.”

मी तोंड उघडलं.

“गप. एक शब्द बोलू नको.” तिचा आवाज चढला नाही. “पोरींना काय शिकवायचं ते मला कळतं. पण आधी वर्ग पायजे. वर्गात जायला तुझ्या ओळीखालून वाकून जावं लागतं, तर गेले वाकून. आज वीसातले अठरा पडतील बघ.”

आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. फुलंब्रीची बस लागलेली होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. ती शिरली, खिडकीकडं सरकली, दांडा धरला. बस हलली तेव्हा तिनं वाकून मला जवळ बोलावलं.

“आबाला सांगू नको,” म्हणाली. “मी काय लिहिलं ते.”